वाक्य कोणाचं, अधिकार कोणाचा: सी भाषेतल्या सिस्टम() फंक्शनची समीक्षा

(व्याख्यानाचं शब्दांकन. पडद्यावरचा कोड वक्त्याने वाचून दाखवला तसा देवनागरीत दिला आहे.)



पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, सिनेमाची तर दर शुक्रवारी होते. फंक्शनची समीक्षा मात्र कोणी करत नाही. लाखो लोक एखादं फंक्शन वापरतात आणि त्याबद्दल बोलायची वेळ आली की फक्त 'कसं वापरायचं' एवढंच बोलतात. ते कशासाठी घडवलंय, आणि आपण त्याला भलत्याच कामाला जुंपलंय का, हे कोणी विचारत नाही. आज एका फंक्शनपुरतं हे करून बघू.

फंक्शनचं नाव सिस्टम. स्टँडर्ड लायब्ररीतलं. सी च्या प्रोग्रॅममधून शेलची कमांड चालवायची तर ज्याला त्याला हेच आठवतं. एक स्ट्रिंग द्यायची, काम होतं. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे नंतर भांडायला सोपं. एका विशिष्ट परिस्थितीत सिस्टम अगदी नीट काम करतं. आपण ते बहुतेक वेळा त्या परिस्थितीबाहेर वापरतो, आणि तिथे जो घोटाळा होतो त्याचं खापर प्रोग्रॅमरच्या हलगर्जीपणावर फोडतो. मला हे खापरफोडं मान्य नाही. दोष घडणीत आहे.

घडण म्हणजे काय ते बघू. पडद्यावर ही ओळ आहे:

सिस्टम("एलएस -एल");

युनिक्स-लिनक्सवर ही ओळ चालली की आत तीन गोष्टी होतात. आधी फोर्क, म्हणजे चालू प्रोसेसची दुसरी प्रत. मग त्या प्रतीत एक्झेक, म्हणजे प्रतीच्या जागी नवा प्रोग्रॅम बसवणं. मग मूळ प्रोसेसमध्ये वेट, म्हणजे पोरगं काम संपवून येईपर्यंत दारात उभं राहणं. (नव्या ग्लिबसीमध्ये फोर्कच्या जागी आतून पॉझिक्स-स्पॉन वापरलंय, पण बाहेरून वागणूक तीच.) आता प्रश्न असा, की एक्झेकने बसवलेला तो नवा प्रोग्रॅम कोणता? 'एलएस' म्हणाल तर चूक. तो आहे /बिन/एसएच. शेल. त्याला '-सी' हा पर्याय देतात आणि तुमची अख्खी स्ट्रिंग त्याच्या हातात ठेवतात. शेल ती वाचतं, तिचे शब्द पाडतं, डॉलरच्या जागी व्हेरिएबलच्या किमती भरतं, फुलीच्या जागी फाइलींची नावं भरतं, आणि मग कुठे एलएसला हाक मारतं.

हे नीट लक्षात ठेवा. तुम्ही एलएसला बोलावलंच नाही. एका भाषेच्या दुभाष्याला बोलावलंत आणि त्याला एक वाक्य दिलंत. त्या भाषेत लूप आहेत, अटी आहेत, फंक्शनं आहेत, फाइली उडवायची सोय आहे. सिस्टमला 'कमांड' देतो असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात आपण त्याला एक प्रोग्रॅम देतो, दुसऱ्या भाषेतला, आणि तोही चालता चालता लिहिलेला.

असं का केलं असेल? या फंक्शनचं सगळ्यात निर्मळ रूप बघायचं तर जुन्या एड एडिटरकडे जावं लागतं. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन यांनी लिहिलेला ओळीओळीचा एडिटर. त्यात उद्गारचिन्ह लिहून पुढे शेलची कमांड दिली, की एडिटर न सोडता ती चालते. व्हीआयमध्येही ही सोय आहे. इथे काय घडतं? वाक्य तुम्ही टाइप केलं. चाललं तुमच्याच अधिकारात. शेलही तुमचंच. तुम्ही त्यात 'सगळं उडव' लिहिलंत तर तुमच्याच फाइली उडणार, आणि तसं करायचा हक्क तुम्हाला एरवीही होताच. वाक्य ज्याचं, अधिकार त्याचाच. या परिस्थितीत पूर्ण शेल हाताशी असणं ही चैन आहे, धोका नाही.

सिस्टमची बाकीची वागणूकही याच चित्रात शोभते. पॉझिक्स सांगतं, की सिस्टम चालू असताना मूळ प्रोसेसने कंट्रोल-सी चा सिग्नल दुर्लक्षित करायचा. पहिल्यांदा ऐकलं की हे विचित्र वाटतं. पण एडमध्ये बसल्याची कल्पना करा. तुम्ही उद्गारचिन्ह देऊन एक लांबलचक कमांड सुरू केलीत, कंटाळलात, कंट्रोल-सी दाबलंत. टर्मिनल तो सिग्नल पुढच्या गटातल्या सगळ्या प्रोसेसना पाठवतं. कमांड मरायला हवी, एडिटर आणि त्यातलं तुमचं न साठवलेलं लिखाण वाचायला हवं. म्हणून तो नियम. छान विचार आहे.

आता तोच नियम दुसऱ्या घरात नेऊन बघा. कोणीतरी कायमच्या लूपमध्ये लिहितो, सिस्टम("स्लीप १०"). कंट्रोल-सी दाबतो. स्लीप मरते, प्रोग्रॅम मरत नाही, पुढची स्लीप सुरू होते. परत दाबतो. परत तेच. 'लिनक्स हँग झालं' म्हणून शेवटी टर्मिनलची खिडकीच बंद करतो. (हशा) फंक्शनने काहीच चूक केलेली नाही. ते अजून स्वतःला एडमध्ये समजतंय, एवढंच.

ही झाली गंमत. आता गंभीर भागाकडे येतो.

समजा, एका शाळेचा निकाल छापायचा प्रोग्रॅम आहे. विद्यार्थ्याचं नाव रोमन लिपीत घ्यायचं, त्या नावाची फाइल प्रिंटरकडे पाठवायची. आपण काय लिहितो? एसएनप्रिंटएफने वाक्य जुळवतो: 'एलपीआर', मग जागा, मग नाव. ते सिस्टमला देतो. पहिली मुलगी सायली पाटील. नावात स्पेस आहे, शेलने दोन शब्द पाडले, 'सायली' नावाची फाइल नाही आणि 'पाटील' नावाचीही नाही. मग कोणीतरी शहाणा सांगतो, नावाला सिंगल कोटमध्ये घाल. घातलं, सायलीचा निकाल आला. शंभर मुलांचे निकाल आले. मग वसईची किंवा म्हापशाची एक मुलगी येते, आडनाव डि'मेलो किंवा डि'सोझा. रोमन लिपीत त्या आडनावात मधोमध तोच सिंगल कोट बसलेला. शेलच्या दृष्टीने आपण उघडलेला कोट तिथे बंद झाला, पुढची अक्षरं उघड्यावर पडली, आणि शेवटचा कोट नवीनच उघडून तसाच राहिला. शेल म्हणतं, कोट बंद केलेला नाही. निकाल छापला जात नाही.

या मुलीने काय हल्ला केला होता? सुरक्षेच्या वर्गात आपल्याला सांगतात की दुष्ट माणूस नावाच्या जागी सेमिकोलन आणि 'आरएम' लिहील. लिहील की. पण त्याच्या कितीतरी आधी साधं, खरं, आईबापांनी दिलेलं नाव तुमचा प्रोग्रॅम मोडून जाईल. म्हणून मला 'इंजेक्शन हल्ला' हा शब्द थोडा अपुरा वाटतो. तो शब्द ऐकला की वाटतं, आपल्याकडे कोण हल्ला करणार, आपलं काम छोटं. पण हा मुळात बरोबर-चूकचा प्रश्न आहे. हल्लेखोर फक्त त्याच भोकातून आत येतो ज्यातून आधी डि'मेलो बाहेर पडलेली असते.

मग पुढचा उपाय. डबल कोट वापरू. त्यात डॉलर, बॅकस्लॅश आणि उलटा कोट जिवंतच असतात, म्हणजे ते आणखी वाईट. मग, धोकादायक अक्षरांची यादी करू आणि प्रत्येकापुढे बॅकस्लॅश लावू. हा उपाय फार लोकप्रिय आहे आणि त्याची एक प्रसिद्ध गोष्ट आहे.

वेबच्या सुरुवातीच्या काळात एनसीएसए या अमेरिकेतल्या संस्थेचा वेब सर्व्हर सगळीकडे होता. त्याच्याबरोबर नमुना म्हणून पीएचएफ नावाचा छोटा प्रोग्रॅम यायचा, सुरुवातीच्या अपाचीबरोबरही यायचा. काम साधं, फोनच्या यादीत नाव शोधणं. सी मध्ये लिहिलेला. फॉर्ममधून नाव घ्यायचा, 'पीएच' या कमांडचं वाक्य जुळवायचा आणि पीओपनला द्यायचा. पीओपन म्हणजे सिस्टमचं सख्खं भावंड. तेही शेललाच बोलावतं, फरक एवढाच की कमांडचं आउटपुट तुमच्याकडे फाइलसारखं वाचायला येतं, किंवा उलट तुम्ही लिहिता ते तिच्याकडे जातं. एका वेळी एकच दिशा.

पीएचएफ लिहिणारे बेसावध नव्हते, हे मला आवर्जून सांगायचंय. त्यांनी खास एक फंक्शन केलं होतं, शेलच्या विशेष अक्षरांपुढे बॅकस्लॅश लावणारं. सेमिकोलन, पाइप, डॉलर, सगळे यादीत होते. एक राहिलं, नवी ओळ. शेलमध्ये नवी ओळ म्हणजे सेमिकोलनच. पहिली कमांड संपली, दुसरी सुरू. ब्राउझरच्या पत्त्यात टक्का-शून्य-ए लिहिलं की नवी ओळ आत जाते, आणि तिच्यापुढे 'कॅट' आणि पासवर्ड फाइलचं नाव. १९९६ मध्ये सर्टने त्याबद्दल सूचना काढली. पुढे कितीतरी दिवस लोक दुसऱ्यांच्या सर्व्हरवर पीएचएफ आहे का ते चाचपत फिरत होते.

ही गोष्ट सांगून झाली की नेहमी तात्पर्य काढलं जातं, की बघा, यादी अपुरी होती, पूर्ण यादी करा. मला हे वाचन चुकीचं वाटतं. ती यादी आपली नाहीच. ती शेलच्या व्याकरणाची आहे. आणि शेल तरी कोणतं? उबुंटूने २००६ मध्ये /बिन/एसएच च्या जागी बॅश काढून डॅश आणलं, डेबियनने २०११ च्या आवृत्तीत. तुमचा तोच सी प्रोग्रॅम, तीच स्ट्रिंग, आणि दुभाष्या बदलला. बॅशपुरतीच चालणारी दुहेरी चौकटी कंसाची अट सिस्टममध्ये लिहिली असेल तर ती एका मशीनवर चालते, दुसऱ्यावर नाही. कोणाच्या व्याकरणाला धरून यादी करणार?

एक उपाय मात्र खरा आहे, तो प्रामाणिकपणे सांगतो. सिंगल कोटच्या आत शेल काहीच विशेष मानत नाही, सिंगल कोट सोडून. म्हणून नावातला प्रत्येक सिंगल कोट बदलून त्याजागी कोट, बॅकस्लॅश, कोट, कोट ही चार चिन्हं घालायची आणि सगळ्याला सिंगल कोटमध्ये बसवायचं. हे चालतं. डि'मेलोचा निकाल येतो. पण हे प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक शब्दाला, न विसरता करावं लागतं, आणि सी ची लायब्ररी त्यासाठी कसलंही फंक्शन देत नाही. धारदार सुरी दिली आणि मूठ घरी करून घ्या म्हणाले, त्यातला प्रकार.

इथे कोणीतरी म्हणतंच: माझं वाक्य ठरलेलं आहे. मी बाहेरचं एक अक्षर घेत नाही. मग तर ठीक?

नाही. कारण शेल फक्त वाक्य वाचत नाही, सभोवतालही वाचतं. प्रत्येक प्रोसेसबरोबर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलं येतात, आणि ती देणारा तुमचा प्रोग्रॅम सुरू करणारा माणूस असतो. जुनं उदाहरण व्हीआयबरोबर येणाऱ्या प्रिझर्व्हचं. मशीन बंद पडलं तर तुमचं लिखाण वाचवून ठेवायचं आणि तुम्हाला मेल पाठवायचा, असं त्याचं काम. तो रूटच्या अधिकाराने चालायचा. मेल पाठवायला आतून ठरलेली कमांड होती, /बिन/मेल. पूर्ण पत्ता दिलेला, म्हणजे पाथमध्ये गडबड करूनही भागणार नाही. लोकांनी काय केलं? आयएफएस नावाच्या व्हेरिएबलमध्ये, ज्यातली अक्षरं बघून शेल शब्द तोडतं, तिरकी रेघ घातली. आता शेलला /बिन/मेल दिसलं ते 'बिन' आणि 'मेल' असे दोन शब्द. आपल्या फोल्डरमध्ये 'बिन' नावाचा प्रोग्रॅम ठेवला, की तो रूट म्हणून चालला. हल्लीची शेलं बाहेरून आलेला आयएफएस मानत नाहीत, तो दरवाजा बंद झाला. पण दरवाजा सिस्टमने बंद केला नाही, शेलने केला.

आणि शेलने सगळे दरवाजे बंद केले नव्हते, हे सप्टेंबर २०१४ मध्ये कळलं. शेलशॉक. स्टेफान शाझलास यांना बॅशमध्ये ही चूक सापडली, आणि ती १९८९ पासून तिथे होती. बॅशला एन्व्हायर्नमेंटमधून फंक्शनं घेता येत, आणि फंक्शनच्या शेवटच्या कंसानंतर काही मजकूर असेल तर बॅश सुरू होतानाच तोही चालवून टाकायचं. आता वेब सर्व्हर काय करतो? सीजीआय प्रोग्रॅम सुरू करताना ब्राउझरने पाठवलेले हेडर एन्व्हायर्नमेंटमध्ये भरतो. म्हणजे जिथे /बिन/एसएच म्हणजे बॅश होतं, तिथे एखाद्या सी च्या सीजीआय प्रोग्रॅममध्ये नुसतं सिस्टम("डेट") असलं, एवढं निरुपद्रवी, ठरलेलं वाक्य, तरी बाहेरचा माणूस आपली कमांड चालवू शकत होता. प्रोग्रॅमरने बाहेरचं एक अक्षरही वाक्यात घातलेलं नव्हतं. त्याला तारीख हवी होती. त्याने वाटेत नकळत एक अख्खा दुभाष्या उभा केला, एवढीच त्याची भूमिका. सिस्टम वापरलं नसतं, सरळ डेट चालवलं असतं, तर बॅश मध्ये आलंच नसतं.

आता सिस्टम परत काय देतं ते बघू. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण रोजच्या कामात लोक इथेच अडकतात.

कमांड संपताना एक आकडा देते, ० ते २५५. शून्य म्हणजे सुरळीत. सिस्टम तो आकडा तसाच देत नाही. ते वेटने दिलेली पूर्ण स्थिती देतं, ज्यात तो आकडा वरच्या आठ बिटांत असतो आणि खाली कोणत्या सिग्नलने मेली वगैरे माहिती. म्हणून लिनक्सवर कमांडने १ दिला की सिस्टम २५६ देतं. लोक २५६ बघून चक्रावतात. ३२५१२ बघून तर फारच. ३२५१२ म्हणजे १२७ गुणिले २५६, आणि १२७ म्हणजे शेल सांगतंय की 'अशी कमांड मला सापडली नाही'. टर्मिनलवर चालणारा प्रोग्रॅम क्रॉनमध्ये लावला की हा आकडा हमखास दिसतो, कारण क्रॉनचा पाथ तोकडा असतो. आणि १२७ चा अर्थही एकच नाही. शेलच सुरू झालं नाही तरी सिस्टम तेच सांगतं.

यातला सगळ्यात घातक प्रकार असा. मेनच्या शेवटी कोणीतरी लिहितो, रिटर्न सिस्टम(...). कमांड अपयशी ठरली, सिस्टमने २५६ दिले, मेनने २५६ परत केले. पण प्रोसेसचा निकाल आठच बिटांचा. २५६ चे खालचे आठ बिट म्हणजे शून्य. बाहेरच्या जगाला कळलं, सगळं सुरळीत! बॅकअप झालेला नाही आणि प्रोग्रॅम सांगतोय झाला. हे टाळायला डब्ल्यू-इफ-एक्झिटेड आणि डब्ल्यू-एक्झिट-स्टेटस हे मॅक्रो आहेत. सोयीसाठी केलेल्या फंक्शनचं उत्तर वाचायला दोन मॅक्रो लागावेत, याला सोय म्हणायचं का, तुम्हीच ठरवा.

बाकी दोन गोष्टी पटकन. सिस्टम("सीडी /टीएमपी") केलं तरी तुमचा प्रोग्रॅम आहे तिथेच राहतो, कारण फोल्डर बदललं ते त्या पोराने, आणि पोरगं लगेच मेलं. सी मध्ये सीएच-डीआयआर आहे, ते वापरा. आणि प्रिंटएफ करून लगेच सिस्टम केलं आणि आउटपुट फाइलमध्ये वळवलं, तर तुमचं शीर्षक कमांडच्या आउटपुटच्या खाली जातं. तुमची अक्षरं बफरमध्ये बसलेली असतात, कमांडची आधी लिहिली जातात. सिस्टमच्या आधी एफफ्लश करा.

मग पर्याय काय? मेनला तुम्हाला काय मिळतं, आठवा. आर्गव्ही. शब्दांची यादी. प्रत्येक प्रोग्रॅमला शेवटी यादीच मिळते. एलपीआरलाही. आणि तुमच्याकडेही सुरुवातीला यादीच होती: 'एलपीआर' हा एक शब्द, नाव हा दुसरा. तुम्ही त्या यादीचं चिकटवून वाक्य केलंत आणि शेलला सांगितलंत, परत तोडून यादी कर. तो चिकटवण्या-तोडण्याचा मधला टप्पा कोणालाच नको होता. फोर्क करा, पोरात एक्झेक-व्हीपी ला ती यादी जशीच्या तशी द्या, बाहेर वेट-पीआयडी करा. डि'मेलो एका खणात अखंड बसते. स्पेस, कोट, सेमिकोलन, नवी ओळ, कशालाच तिथे अर्थ नाही.

इथे मी सी च्या स्टँडर्डवर टीका करणार आहे. स्टँडर्ड लायब्ररीत दुसरा प्रोग्रॅम चालवायला एकच फंक्शन आहे, सिस्टम. आणि त्याबद्दल स्टँडर्ड सांगतं तरी काय? स्ट्रिंग 'कमांड प्रोसेसर'कडे जाते. पुढचं ज्याच्या त्याच्या अंमलबजावणीवर. नल दिलं तर असा प्रोसेसर आहे का एवढं कळतं. म्हणजे सगळीकडे चालतं म्हणून लोक ज्याची शिफारस करतात, त्यात सगळीकडे सारखं फक्त नावच आहे. आयफोनवर तर ते वापरायलाच मनाई आहे. दुसरीकडे पॉझिक्सने पॉझिक्स-स्पॉन दिलंय, ते योग्य आहे, यादी घेतं, पण त्याला सहा आर्ग्युमेंट. एका बाजूला एक स्ट्रिंग, दुसऱ्या बाजूला सहा आर्ग्युमेंट किंवा फोर्क-एक्झेकच्या वीस ओळी. घाईतला माणूस काय निवडेल, हे सांगायला ज्योतिषी नको. पायथनने २००४ मध्ये सबप्रोसेस आणलं तेव्हा यादी हा सरळ मार्ग ठेवला आणि शेल हवं तर वेगळं मागायला लावलं. तेवढंच सी मध्ये हवं होतं. मधल्या आकाराचं एक फंक्शन, नाव आणि यादी घेणारं, थांबून साधा आकडा देणारं. ते नाही, म्हणून प्रत्येक मोठ्या सी प्रोजेक्टमध्ये कोणीतरी ते घरी करून ठेवलेलं असतं.

यादीने सगळं सुटतं असं मात्र समजू नका. ऑगस्ट २०१७ मध्ये गिटमध्ये एक दोष निघाला. गिट सी मध्ये लिहिलेलं, जाणत्या लोकांनी लिहिलेलं. सर्व्हरचं नाव ते एसएसएचला यादीतला एक शब्द म्हणून देत होतं. कोणीतरी सर्व्हरच्या नावाच्या जागी डॅशने सुरू होणारा मजकूर दिला, एसएसएचचा प्रॉक्सी-कमांड हा पर्याय. एसएसएचला वाटलं, हा पर्याय आहे, आणि त्यातली कमांड त्याने चालवली. शब्द तुटला नव्हता, त्याचा अर्थ बदलला होता. गिटने त्यानंतर डॅशने सुरू होणारी सर्व्हरची नावं नाकारली. इतर कमांडना बहुतेक ठिकाणी 'इथे पर्याय संपले' असं सांगणारे दोन डॅश देता येतात. ते द्यायची सवय लावून घ्या.

शेवटी शिकवण्याबद्दल. आपल्याकडच्या लॅबमध्ये टर्बो सी ची निळी खिडकी अनेक वर्षं होती. त्यात क्लिअर-स्क्रीनचं फंक्शन होतं, प्रत्येक प्रोग्रॅमची पहिली ओळ तीच. मग जीसीसी आलं, ते फंक्शन गेलं, आणि मुलांना सांगण्यात आलं, त्याजागी सिस्टम("क्लिअर") लिहा. विंडोजवर सिस्टम("सीएलएस"), आणि शेवटी सिस्टम("पॉज"). म्हणजे हे फंक्शन मुलाला भेटतं ते पडदा पुसायचं फडकं म्हणून. पडदा पुसायला बहुतेक टर्मिनलना सात बाइट पुरतात. त्यासाठी आपण नवी प्रोसेस, त्यात शेल, त्यात आणखी एक प्रोग्रॅम उभा करतो. वेळ वाया जातो याचं मला काही नाही, मशीनं वेगवान आहेत. पण पहिली ओळख अशी झाली की पुढे तोच मुलगा नोकरीत राउटरचा किंवा कॅमेऱ्याचा सी कोड लिहितो, आणि वेबपेजवरून आलेला आयपी पत्ता 'पिंग'ला चिकटवून सिस्टमला देतो. राउटरांमध्ये हा दोष पुन्हा पुन्हा सापडतो, ते उगाच नाही.

सर्टच्या सी नियमांत सरळ लिहिलंय, सिस्टम वापरू नका. मला तो नियम थोडा कडक वाटतो, पण वर्गात मी तोच सांगेन.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, मी स्वतःच्या मशीनवर, स्वतःसाठी छोटी साधनं लिहितो. तिथेही नको का?

तिथे वापरा. वाक्य तुमचं, अधिकार तुमचा, ते एडचंच चित्र झालं. फक्त ते साधन उद्या मित्राला देताना, किंवा वेबपेजच्या मागे लावताना, तो कोड परत उघडा.

प्रश्न: मला शेलचीच पाइप हवी आहे. ग्रेप करून सॉर्ट. ते एक्झेकने करायचं म्हणजे दोन फोर्क, पाइप, डीयूपी-टू...

बरोबर, आणि ते सगळं हाताने लिहिण्यात चुका करायची पुरेपूर संधी आहे. तिथे शेल वापरा, पण वाक्य आणि शब्द वेगळे ठेवा. एक्झेकने स्वतःच /बिन/एसएच चालवा. यादी अशी: एसएच, मग '-सी', मग ठरलेलं वाक्य, ज्यात नावाच्या जागी डबल कोटमध्ये डॉलर-१ लिहिलंय, मग एक नाममात्र शब्द, कारण तो डॉलर-शून्यमध्ये जातो, आणि मग माणसाने दिलेलं नाव. शेल वाक्य वाचतं तेव्हा नाव त्यात नसतंच. ते नंतर व्हेरिएबलमधून येतं, आणि डबल कोटमधल्या व्हेरिएबलची किंमत शेल परत तोडत नाही, परत वाचत नाही. ग्रेपला दोन डॅश द्यायला विसरू नका. फक्त एन्व्हायर्नमेंटचा प्रश्न तसाच राहतो. प्रोग्रॅम दुसऱ्याच्या अधिकारात चालणार असेल तर एक्झेक-व्हीई वापरून एन्व्हायर्नमेंटही तुम्हीच नव्याने द्या, पाथसकट.

प्रश्न: विंडोजवर हेच चालेल का?

नाही, आणि याचं उत्तर जरा निराशाजनक आहे. विंडोजमध्ये क्रिएट-प्रोसेसला मुळातच एक सलग ओळ द्यावी लागते. यादी तिथे खालच्या पातळीवर नाही. ओळीचे शब्द पाडण्याचं काम सुरू होणारा प्रोग्रॅम स्वतः करतो, बहुतेकदा त्याच्या सी लायब्ररीच्या नियमांनी, पण तसंच करेल अशी सक्ती नाही. यादी घेणारी स्पॉन-व्ही वर्गातली फंक्शनं आहेत, पण ती शब्द नुसते स्पेस घालून जोडतात, कोट लावत नाहीत. म्हणजे सायली पाटील तिथे परत दोन तुकडे होते. विंडोजवर कोट तुम्हालाच लावावे लागतात, आणि ज्या प्रोग्रॅमला बोलावताय तो ते कसे वाचतो हे आधी बघावं लागतं.